सतरा नमस्कार

गुन्हा तुमचा आहे. तुम्ही म्हणजे कोण, हे तुम्हाला बरोबर कळतं. विद्यापीठाच्या लांब टेबलाभोवती बसून, चहात बिस्किट बुडवत, बी.कॉम.च्या पोरापोरींनी पत्र कसं लिहावं हे तुम्ही ठरवलंत. मायना दोन शब्दांचा. विषय एका ओळीचा. दोन्हीकडं समास सोडायचा, मजकूर मुद्द्याचा ठेवायचा आणि अनावश्यक ते गाळायचं. असं तुम्ही छापलंत, त्याला शंभर मार्क लावलेत. पण अनावश्यक काय, हे कुणाला विचारलंत? मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात जी गावं आहेत, जिथं घरटी एका खुंटीला मिलिट्रीचा हिरवा कोट लटकतो, तिथल्या एखाद्या बाईला विचारलंत का? नाही विचारलंत. म्हणून ही गोष्ट तुमच्यापुढं मांडायची आहे. ऐकून घ्या. घड्याळ बघू नका.

गोष्ट वैजयंताची. गावात तिला वैजी म्हणत. गावातल्या पोरींत दहावी झालेली पहिली, आणि कॉलेजला सांगलीपर्यंत गेलेली एकटीच. सांगलीत तिचा मामा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होता, त्याच्याकडं राहून ती शिकायची. अंगाला, कपड्याला, वहीच्या पानांना हळदीचा वास. पण सांगलीला जायच्या आधीपासून तिला एक काम येत होतं, आणि ते ती पाचवीत असल्यापासून करत होती. ती गावाची पत्रं लिहायची.

गावातले बाप्ये सैन्यात, बायका घरी, आणि बायकांना अक्षर येत नाही. मग आंतर्देशीय पत्राचं निळं पान घेऊन बाई वैजीच्या दारात यायची. "लिव गं बाय," म्हणून बसायची. वैजी पाटावर पान ठेवून लिहायची. बाई बोलते तसंच लिहायचं, पण बाई जे बोलता बोलता थांबते, तेही वाचणाऱ्याला कळेल असं लिहायचं. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. कान होता तिला.

त्या पत्रांची एक रीत होती. शेवटी सगळ्यांचे नमस्कार लिहायचे, एकेकाचं नाव घेऊन. 'घरातील सर्वांचा नमस्कार' असं म्हणून उरकायचं नाही. आबांचा आशीर्वाद, आईचा आशीर्वाद, बाळासोचा रामराम, सुलाबाईचा नमस्कार, असं अगदी गोठ्यातल्या कपिली गायीपर्यंत. गाय विकली तर तिचं नाव यायचं नाही. आणि माणूस गेलं तरी यायचं नाही.

हे वैजीला दहाव्या वर्षी कळलं. शेजारचा हरिबा माघात वारला. त्याचा पोरगा गुंडा तेव्हा लेहकडं बर्फात, वाट बंद, सुट्टी मिळणं शक्य नाही. हरिबाची म्हातारी पत्र घालायला आली. डोळे कोरडे करून म्हणाली, "समदं ठीक हाय म्हनून लिव. नमस्कार सगळ्यांचं घाल. त्येचं त्येवढं गाळ."

"आज्जी, पण गुंडातात्याला कळंल का?"

"कळतं. आमच्यात तसंच कळवत्यात. तार करून काय करायचं? येता तर यायचं न्हाई. बंदूक हातात घिऊन एकला उभा असतोय त्यो. त्येला तोंडावर मारल्यागत सांगायचं व्हय?"

वैजीनं बाकीची सगळी नावं लिहिली आणि हरिबाचं गाळलं. महिन्यानं गुंडाचं उत्तर आलं. त्यात बापाचं नाव नव्हतं. फक्त शेवटी होतं: 'मी येथे केस काढले.'

म्हणजे रीत तिला ठाऊक होती. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढं तिची बाजू घ्यायचा मोह होईल. घेऊ नका.

सन शहाण्णवला ती दुसऱ्या वर्षाला गेली. तुमचा तो बिझनेस कम्युनिकेशनचा पेपर आला. शिकवायला पद्मा मॅडम. बाई वाईट नव्हत्या. इस्त्रीची सुती साडी, गोड आवाज, फळ्यावर अक्षर मोत्यासारखं. जुलैत त्यांनी सांगितलं, "प्रत्येकानं घरी लिहितो तसं एक पत्र लिहून आणा. आपण ते सुधारू."

वैजीला वाटलं, आलं आपलं राज्य. वर्गात इंग्रजी फाडफाड बोलणारी पोरं होती, त्यांच्यात तिची जीभ टाळ्याला चिकटायची. पण पत्र? पत्र तर आपण लिहावं! तिनं गल्लीतल्या राहीबाईच्या घरचं पत्र लिहिलं, जसंच्या तसं, अगदी मन लावून. राहीबाईचा थोरला जोतीराम पठाणकोटला लान्स नायक होता. त्याला जायचं तसलं पत्र, सतरा नमस्कारांसकट.

मॅडमनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं. पाचव्या नावाला मागच्या बाकावर खुसखुस झाली. नवव्या नावाला मॅडमही हसू दाबायला लागल्या. कपिली गाय आली तेव्हा वरद नावाचं सांगलीच्या जुन्या गावभागातलं एक गोरंगोमटं पोरगं उठून उभं राहिलं आणि अगदी गंभीर तोंड करून म्हणालं, "मॅडम, हे पत्र आहे का मतदारयादी?"

वर्गात हशा फुटला. वल्लरी नावाची तिच्या शेजारची पोरगी बाकावर डोकं ठेवून हसली. आणि वैजी? वैजीही हसली. कान पेटले होते, पायाचा अंगठा चपलेत रुतत होता, पण ती हसली, जणू पत्र दुसऱ्याच कुणाचं आहे.

मॅडम समजुतीनं म्हणाल्या, "हसू नका रे. वैजयंता, तुझा भाव चांगला आहे हं. पण वाचणाऱ्याचा वेळ मौल्यवान असतो. ही सगळी नावं कशाला? एका ओळीत येतं की, 'घरी सर्व ठीक आहे.'" आणि त्यांनी सतरा नावांवरून लाल शाईची एक तिरकी रेघ ओढली. कडेला लिहिलं, 'अनावश्यक'.

ही नावं कशाला, असं त्यांनी विचारलं होतं. वैजीला उत्तर माहीत होतं. हरिबाचं सांगितलं असतं तर तो वर्ग गप झाला असता. पण तिला वाटलं, हे सांगितलं तर आणखी हसतील. ती म्हणाली, "सॉरी मॅडम."

त्या 'सॉरी'पासून ती बदलली. सहामाहीला तिला पत्रलेखनात वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले. वरदनं येऊन हात मिळवला, "मानलं बुवा मतदारयादी." तिला ते आवडलं. लाज वाटायला हवी होती, पण आवडलं.

दिवाळीच्या सुट्टीत ती गावी आली. सातारा सोडून एस.टी. मेढ्याच्या घाटवळणाला लागली तसा तिनं पंजाबी ड्रेसची ओढणी डोक्यावर घेतली. दुसऱ्याच दिवशी राहीबाई निळं पान घेऊन हजर.

"आली का गं माझी कारकुनीन? तुझी वाट बघून पान पिवळं पडाया लागलं. मास्तराकडनं लिवून घेतलं आस्तं, पर त्यो आपल्याच मनाचं लिवतो."

राहीबाई जमिनीवर फतकल मारून बसली आणि बोलायला लागली. भात झोडून झालं. नाचणी बरी हाय. शालूला सातवा लागला, तोंडाला चव न्हाई, चिंच मागती. शालू म्हणजे जोतीरामची बायको, सासूसोबत आलेली, बाहेर सोप्यात बसून ऐकत होती आणि लाजून हसत होती. आबांचा खोकला बरा हाय. मग राहीबाईनं बोटं दुमडत नावं घेतली. सतरा.

वैजीनं लिहिलं. वर उजवीकडं तारीख. डावीकडं मायना, 'प्रिय जोतीराम'. मग 'विषय: घरची खुशाली'. मग तीन ओळी. 'शेतीची कामे पूर्ण झाली आहेत. शालूची प्रकृती उत्तम आहे. घरी सर्व ठीक आहे, काळजी नसावी.' खाली, 'आपली आई, राहीबाई.' दोन्हीकडं समास, सुरेख. आंतर्देशीयच्या तीन घड्या कोऱ्या राहिल्या. तिनं ते पान हातात धरून लांबून बघितलं. पद्मा मॅडमनी दहापैकी नऊ दिले असते.

आता राहीबाईचा एक नेम होता. लिहिलेलं वाचून दाखवल्याशिवाय ती पत्र चिकटवू द्यायची नाही.

"हां, वाच."

इथं थांबा. विहिरीत पोहरा सोडताना दोर हातातनं सुटतो, तेवढाच हा क्षण होता. वैजी म्हणू शकली असती, "काकी, आता असं लांबलचक लिवत न्हाईत." राहीबाई भांडली असती, नावं घालून घेतली असती, संपलं असतं. पण वैजीला ते भांडण नको होतं. समजावून सांगत कोण बसतंय, असं तिला वाटलं. तिनं पान स्वतःकडं वळवून तीन ओळींवर डोळे ठेवले आणि राहीबाई जे बोलली होती ते सगळं, भातापासून चिंचेपर्यंत, पाठ म्हटल्यासारखं वाचून दाखवलं. नमस्कारसुद्धा. एकही नाव चुकलं नाही. राहीबाई प्रत्येक नावाला मान हलवत होती.

"कपिलीचं?"

"कपिली गायीचा नमस्कार," वैजी कोऱ्या कागदाकडं बघून म्हणाली.

"आता कसं! चिकटव."

सुट्टी संपत आली. सोमवारी वैजी सांगलीला निघणार होती. शनिवारी दुपारी गल्लीत कुत्री भुंकली म्हणून ती दारात आली, तर राहीबाईच्या अंगणात जोतीराम उभा. ट्रंक नाही, वळकटी नाही. अंगात मिलिट्रीचा स्वेटर, खाली साधी पँट, दाढी वाढलेली, दोन दिवस दोन रात्री रेल्वेत बसून आलेला. तो आत जात नव्हता. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून एकेकाकडं बघत होता. त्याचे वडील आबा बाहेर आले. धाकटा भाऊ बाळासो आला. बाळासोची बायको सुलाबाई कडेवर पोर घेऊन आली. जोतीरामचे ओठ हलत होते. तो माणसं मोजत होता.

शेवटी शालू आली, पोट सावरत. तिला बघून जोतीराम मटकन खाली बसला आणि गुडघ्यात डोकं घालून लहान पोरासारखा रडायला लागला.

"आरं काय झालं तरी काय?" राहीबाई घाबरली. "लढाई लागली का काय?"

"आये, पत्रात नाव न्हवतं कुनाचं." त्यानं खिशातनं घडी घातलेलं निळं पान काढलं. "येक गाळलं आस्तं तर येक कळलं आस्तं. हितं समदीच गाळल्याली. मी म्हनलं, कोन? आबा का शालू? का घरच बसलं समद्यांवर? रातभर पान उलटंपालटं करून बघितलं. सायबाकडं गेलो, सुट्टी द्या म्हनलं. सायबानं क्लार्ककडनं वाचून घेतलं. म्हनला, 'सब ठीक लिखा है, फिर रो क्यों रहा है?' आता त्येला कसं सांगू, का आमच्यात जे लिवत न्हाईत त्येच वाचायचं आस्तं? तार केली. तिचं उत्तर न्हाई. मग निघालो तसाच."

"सुट्टी न घेता?" आबा हळूच म्हणाले. म्हातारा स्वतः सैन्यातनं निवृत्त झालेला. त्याला पुढचं सगळं दिसलं.

ती तार जोतीरामच्या मागनं चार दिवसांनी आली.

"आरं पर नावं हुती की!" राहीबाई ओरडली. "माज्या म्होरं वाचली पोरीनं. सतराच्या सतरा. कपिलीसुदीक. वैजे! ये गं हिकडं. ह्येला वाचून दाव."

वैजी आली. न येऊन जाते कुठं? सगळं घर अंगणात, शेजारपाजारचे कुडावरनं बघतायत, आणि राहीबाईनं ते निळं पान तिच्या हातात दिलं. विश्वासानं दिलं. म्हातारीची अजून खात्री होती की नावं कागदावर आहेत आणि पोराचीच नजर फिरली आहे.

वैजीच्या तोंडातनं निघालं, "जागा न्हवती."

जोतीराम उठला. तिच्या हातातलं पान त्यानं उलटं केलं, तिन्ही घड्या उलगडल्या आणि सगळ्यांना दिसेल असं धरलं. कोरं, निळं, स्वच्छ. तो ओरडला नाही. "लय जागा सोडलीस गं," एवढंच म्हणाला.

राहीबाईनं एकदा पानाकडं बघितलं, एकदा वैजीकडं. तिला अक्षर येत नव्हतं, पण कोरं पान कोरं आहे एवढं कळत होतं.

"मग तू वाचलंस त्ये काय हुतं गं?"

वैजी उभी राहिली. वर्गात हसले होते तेव्हा कान पेटले होते. आता सगळं अंग गार पडलं. लोकांपुढची लाज वेगळी असते, तिच्यात आपण हसून वेळ मारून नेतो. ही लाज तशी नव्हती. ही आतनं आली आणि तिला जायला वाट नव्हती.

"बोल की. माज्या डोळ्याम्होरं कागद धरून तू काय वाचत हुतीस?"

ती पळाली नाही. शेवटी शालूनंच राहीबाईला धरून आत नेलं.

संध्याकाळी जोतीराम स्वतःच तिच्या दारात आला. "सायबाला अर्ज द्यावा लागंल. इंग्लिशमदी. तुला येतो म्हनत्यात."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच तिला सोसेना. तिनं अर्ज लिहिला. टू, फ्रॉम, सब्जेक्ट, रिस्पेक्टेड सर, सगळं जिथल्या तिथं. पण मधला मजकूर कुठल्या पुस्तकात नव्हता. हे पत्र मी लिहिलं. या गावात नाव गाळणं म्हणजे मरण कळवणं, हे मला माहीत होतं. मी नावं गाळली, आणि ज्या बाईला वाचता येत नाही तिला ती आहेत असं खोटंच वाचून दाखवलं. चूक या जवानाची नाही, माझी आहे. खाली तिनं स्वतःचं पूर्ण नाव, कॉलेज, वर्ग लिहिला. मग मराठीत वाचून दाखवलं. या वेळी जे होतं तेच वाचलं.

जोतीराम खाली मान घालून ऐकत होता. "तुझं नाव कशाला घालतीस? पोरीची जात."

"ऱ्हाऊ द्या, दादा. येक तरी नाव असू द्या पत्रात."

दुसऱ्या दिवशी तो परत गेला. अठ्ठावीस दिवस पलटणीच्या कोठडीत, क्वार्टर गार्डमध्ये बंद. दंडावरची फीत काढली, लान्स नायकाचा पुन्हा साधा शिपाई झाला. त्या वर्षी त्याचं नाव नायकाच्या बढतीच्या यादीत होतं, ते गेलं. अर्ज साहेबानं वाचला की तसाच फाईलला लावला, ते कळलं नाही.

सांगलीला गेल्यावर वैजी ते निळं पान घेऊन पद्मा मॅडमकडं गेली. राहीबाईकडनं मागून घेतलं होतं ते. मागताना म्हातारीनं तोंड वर केलं नव्हतं. मॅडमनी पान बघितलं. "छान मांडणी आहे की," म्हणाल्या. मग वैजीनं सगळं सांगितलं. मॅडमचा चेहरा उतरला. खरंच उतरला. त्या म्हणाल्या, "अगं, पण मला हे कुठं माहीत होतं? तू तेव्हा बोलली का नाहीस? आणि मी काय करणार? अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवतं."

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं वैजीकडं होती आणि दोन्हींची लाज वाटत होती. तिसरी गोष्ट खरी होती. ती पान घेऊन उठली.

शिमग्याला ती गावी गेली. राहीबाईच्या दारावरनं जायला नको म्हणून उकिरड्याच्या बाजूनं फिरून घरी यायची. तर तिसऱ्या दिवशी राहीबाईच आली, निळं पान घेऊन. मास्तर बदलून गेला होता, दुसरं लिहिणारं गावात कोण? म्हातारी पहिल्यासारखी फतकल मारून बसली. कारकुनीन म्हणाली नाही. कमरेची पिशवी सोडून तिनं पाटाच्या कडेला चिंचोके मांडले. एक, दोन, तीन, असे अठरा. शालूला पौषात पोरगी झाली होती, तिचा अठरावा.

"येक नाव लिवलं का येक चिंचोका हिकडं सरकवायचा," म्हातारी म्हणाली. "मगच म्होरचं लिव."

वैजी लिहायला लागली. एक नाव, एक चिंचोका. राहीबाई अक्षराकडं बघत नव्हती. ती वैजीच्या तोंडाकडं बघत होती, टक लावून, बाजारात वजनकाट्याकडं बघतात तशी. नाव न लिहिताच चिंचोका सरकवता येतो, हे दोघींनाही कळत होतं. तरी म्हातारीनं ते चिंचोके आणले होते. दुसरं तिच्या हातात काय होतं?

एप्रिलात तुमची परीक्षा झाली. पेपरात शेवटचा प्रश्न होता: 'संबंधित अधिकाऱ्यास तक्रारीचे पत्र लिहा.' दहा मार्क. कशाची तक्रार, ते लिहिणाऱ्यावर सोडलं होतं. वैजीनं ते तुम्हालाच लिहिलं. आत्ता सांगितली ती सगळी हकीकत, स्वतःच्या खोटेपणासकट, समास न सोडता, पुरवणी जोडून. खाली विचारलं, 'अनावश्यक काय हे आपण कोणास विचारून ठरविले, ते कळवावे.' आणि शेवटी अठरा नमस्कार, एकेक नाव घेऊन.

जूनमध्ये निकाल लागला. त्या विषयात एकसष्ट मार्क. म्हणजे तुमच्यापैकी कुणीतरी ते पत्र वाचलं. हातात लाल पेन धरून वाचलं, कडेला आकडा घातला आणि पुढचा पेपर ओढला. पत्राला मार्क देतात व्हय हो? पत्राला उत्तर देतात. एवढं आमच्या राहीबाईला कळतं, जिला 'र' येत नाही.

वैजीचा गुन्हा तिनं कबूल केला, सहीनिशी. 'तू वाचलंस त्ये काय हुतं?' याला तिच्याकडं अजून तोंड नाही, आणि ते ती मरेपर्यंत वागवणार आहे. तुम्ही तुमचं सांगा. कुणाला विचारून ठरवलंत? आंतर्देशीय पत्र चालेल. पण तिन्ही घड्या भरून लिहा, आणि त्या टेबलाभोवती कोण कोण बसलं होतं, त्यांची एकेकाची नावं घाला. एकही गाळू नका. उत्तर द्या.